फरक शून्य

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला जगातलं सगळं कळतं, असा आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा समज आहे. फिक्स्ड डिपॉझिटचं व्याज कळतं, म्हणजे पंपाची मोटर का जळली हेही कळत असणार. त्यातून २००१ साली मी शाखेत कॉम्प्युटरवर बसत होतो. बसत होतो म्हणजे त्याच्यासमोर माझी खुर्ची होती. तो बंद पडला की हेड ऑफिसला फोन करायचा आणि मग चहा मागवायचा, इतपत तंत्रज्ञान मला अवगत होतं. पण बी.कॉम., पंचविशीचा आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची, एवढ्यावर घरात माझी ख्याती झाली होती.

अप्पाही बँकेतलेच. तीस वर्षं लेजर लिहिलेले. १९८३ साली बँकांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाच्या करारावर सह्या केल्या, त्याआधी अप्पा छातीला बिल्ला लावून कॉम्प्युटरविरुद्ध घोषणा देत फोर्टात फिरत असत. पुढल्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि घोषणा बंद झाल्या. बिल्ला मात्र त्यांनी जपून ठेवला. मग २००० साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. १५ वर्षं नोकरी किंवा ४० वर्षं वय, एवढी पात्रता. देशभरातून एक लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली. त्यांत अप्पा एक. स्वेच्छा नक्की कोणाची होती, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतरही ते सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होत आणि खिडकीशी बसत. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांचे हिशेब दहाच्या आत जुळवून होत. मग सबंध दिवस उरे. जुळवायला काही नसे.

त्या जूनमध्ये न्यू जर्सीत ताईला मुलगी झाली. अप्पांची पहिली नात. परदेशचा फोन म्हणजे सेकंदावर डोळा ठेवून बोलायचं, त्यात निम्मा वेळ 'ऐकू येतंय का?' यातच जाई. ताईने फोटो ई-मेलने पाठवले. मी अप्पांना स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेलो. शेजारच्या खुर्चीवरचं पोरगं जे काही बघत होतं ते अप्पांना दिसलं, आणि आमचा फोटो अर्धा उघडेपर्यंत अर्धा तास संपला. अप्पा उठले. म्हणाले, "माझी नात मी भाड्याच्या खुर्चीत बसून बघणार नाही."

म्हणून घरात कॉम्प्युटर आला. लॅमिंग्टन रोडवरून. या रस्त्याचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर तिथला दुकानदारसुद्धा 'पुढे जाऊन विचारा' म्हणतो. विकणारा म्हणाला, "एकदम नवा आहे साहेब, फक्त वापरलेला आहे." ते धूड मांडीवर घेऊन मी ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून मुलुंड असा स्लो लोकलने आलो. तेव्हापासून नेटवर्क म्हटलं की मला अजून गुडघे आठवतात.

मग केबलवाल्याचा पोरगा गच्चीवरून वायर सोडून गेला. ती तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या तुळशीवरून आल्यामुळे थोडी बोलाचाली झाली. कॉम्प्युटरमध्ये एक नेटवर्क कार्ड खोचलं. कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर कार्डाच्या नावापुढे एक पिवळं उद्गारचिन्ह आलं. खाली इंग्रजीत मजकूर, त्याचा मथितार्थ असा की ड्रायव्हर सुरू होऊ शकला नाही.

"ड्रायव्हर?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपल्याकडे गाडी कुठाय?"

मी तिला समजावलं. हा ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. कार्डाची भाषा कॉम्प्युटरला कळत नाही, कॉम्प्युटरची कार्डाला कळत नाही, मधे हा बोलतो. मुलुंड स्टेशनबाहेर बस उभी असते, उतारू बसलेले असतात, कंडक्टर घंटी वाजवतो आणि ड्रायव्हरचा पत्ता नसतो, तसं झालंय. आई म्हणाली, "मग चहा पीत असेल. येईल."

केबलवाल्याच्या पोराला बोलावलं. त्याने एक नजर टाकली. "सोपं आहे. नेटवरून नवीन ड्रायव्हर उतरवून घ्या," म्हणाला आणि गेला. नेट यायला ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हर आणायला नेट पाहिजे! मला हसू आलं नाही, कारण खातं उघडायला येणाऱ्या माणसाला मी रोज हेच सांगत होतो. ओळख देणारा पाहिजे, आणि त्याचं आमच्याकडे खातं पाहिजे. आणि गावात तो कोणालाच ओळखत नसे.

तीन रात्री मी झगडलो. कार्डाबरोबर आलेल्या फ्लॉपीवरून ड्रायव्हर चार वेळा काढून घातला. कार्डाच्या सोनेरी दात्यांवर खोडरबर घासलं. कार्ड या खाचेतून त्या खाचेत नेलं. समोरच्या ब्लॉकमधले इंजिनीअर आले, त्यांनी "फॉरमॅट मारा" असा सल्ला दिला. नंतर कळलं ते सिव्हिलचे. उद्गारचिन्ह जागचं हललं नाही. अप्पा खिडकीशी बसून बघत होते. बोलत नव्हते. १९८३ सालचा बिल्ला काढून त्यांनी माझ्यासमोर धरला असता, तरी मी काही म्हणू शकलो नसतो.

चौथ्या रात्री त्यांनी विचारलं, "तक्रार काय आहे त्याची?"

शाखेतल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून दुपारी जे ऐकलं होतं ते मी सांगितलं. या कॉम्प्युटरच्या आत सोळा घंट्या असतात, शून्य ते पंधरा नंबरच्या. कीबोर्डाला, फ्लॉपीला, प्रिंटरला, ज्याला साहेबाचं लक्ष वेधायचं असेल तो आपली घंटी वाजवतो. साहेब हातातलं काम ठेवतो आणि नंबर बघून त्याच्याकडे वळतो. आपल्या कार्डासारख्या जुन्या खाचेतल्या कार्डांत एक घंटी दोघांना चालत नाही. कार्डाला बहुधा त्याची घंटी मिळत नाहीये.

अप्पा ताठ झाले. "म्हणजे टोकन! एका नंबरची दोन टोकनं गेली आहेत. रजिस्टर आण."

मी पडद्यावरची यादी वाचत गेलो आणि अप्पांनी तांबड्या रेघांच्या कागदावर ती उतरवली. तीस वर्षांचं वळण, एकही खाडाखोड नाही. शून्य, घड्याळ. एक, कीबोर्ड. दोन, पुढच्या आठ घंट्यांकडे जायची वाट. तीन आणि चार, मागची दोन पोर्टं. पाच, आपलं नेटवर्क कार्ड. सहा, फ्लॉपी. सात, प्रिंटर. आठ, तारीख ठेवणारं दुसरं घड्याळ. नऊ, पडद्याचं कार्ड. दहा, अकरा रिकामे. बारा, माऊस. तेरा, गणित करणारा भाग. चौदा, पंधरा, हार्ड डिस्कची खिडकी. सोळा झाले. एकही नंबर दोनदा आला नव्हता.

"जुळतंय," मी हिरमुसून म्हणालो.

"पुस्तक जुळतंय आणि कॅश जुळत नाही," अप्पा म्हणाले, "म्हणजे पुस्तक खोटं आहे. तिजोरी उघड."

मी चार स्क्रू काढले. अप्पांनी पंचांग वाचायचं भिंग घेतलं आणि ऑडिटला आल्यासारखे ते पेटीसमोर मांडी घालून बसले. एकेका कार्डावर बोट ठेवून विचारायचे, "हे काय? आणि याची एन्ट्री कुठाय?" पडद्याचं कार्ड, एन्ट्री आहे. नेटवर्क कार्ड, आहे. मग त्यांचं बोट एका तपकिरी, धुळीने माखलेल्या कार्डावर थांबलं.

"हे?"

"साऊंड कार्ड. गाणी वाजवायला. त्याची सीडी दुकानदाराने दिली नाही, म्हणून ते चालत नाही."

"एन्ट्री?"

यादीत नव्हतं. सीडी कधी घातलीच नव्हती, त्यामुळे हे कार्ड घरात आहे याचा विंडोजला पत्ताच नव्हता. अप्पांनी फुंकर मारली. कार्डावर बारीक पांढऱ्या अक्षरांत नंबर छापलेले, प्रत्येकापुढे दोन-दोन सुया उभ्या, आणि एका जोडीवर तांदळाएवढी काळी टोपी चढवलेली. भिंगातून अप्पांनी नंबर वाचला. पाच!

"बेनामी खातं!" अप्पा ओरडले. आई पोळपाट हातात घेऊन धावत आली. तिला वाटलं शॉक बसला.

प्रकार असा होता की मुक्या साऊंड कार्डाने पाच नंबरची घंटी वर्षानुवर्षं मुठीत धरून ठेवली होती. वाजवत नव्हतं आणि सोडतही नव्हतं. यादीत पाच रिकामा दिसला म्हणून विंडोजने तो नेटवर्क कार्डाला दिला. कार्ड बिचारं घंटी ओढत होतं आणि ती हलत नव्हती. (असली माणसं मी बँकेत पाहिली आहेत, पण त्यांना स्क्रू नसतात.)

फ्लॉपीतला सेटअप चालवून मी नेटवर्क कार्डाला दहा नंबर दिला. पेटी बंद केली. अप्पा म्हणाले, "आता चालू कर," आणि उगाचच शर्टाची कॉलर नीट केली. उद्गारचिन्ह गेलं होतं. कॉम्प्युटरच्या मागे एक हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

रात्री साडेअकराला ताईचा फोटो उघडला. तेव्हा फोटो वरून खाली, गिरणीतून पीठ पडावं तसा हळूहळू यायचा. आधी टोपरं आलं. मग कपाळ. "माझ्या आईचं कपाळ," अप्पा म्हणाले. मग डोळे, मिटलेले. मग नाक. "हे आमच्याकडचं," आई म्हणाली. त्यावर दोघांत जो वाद सुरू झाला तो हनुवटी येऊन गेली तरी संपला नव्हता. वाद घालताना अप्पा डोळे पुसत होते. भिंगाने डोळ्यांना त्रास होतो म्हणाले.

आज मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. त्या घंट्या आता कॉम्प्युटर आपसांत वाटून घेतो, कोणाला कळतही नाही. नात कॉलेज संपवून नोकरीला लागली. शाखेत कनेक्शन गेलं की काउंटरसमोरची रांग माझ्याकडे बघते, आणि मी हेड ऑफिसला फोन करून चहा मागवतो. प्रगती म्हणतात ती हीच.

तो तांबड्या रेघांचा कागद मात्र माझ्याजवळ आहे. त्या रात्री झोपायला जाण्यापूर्वी अप्पांनी त्यावर पाच नंबर खोडून शेजारी दुरुस्ती लिहिली, खाली दोन रेघा मारल्या, 'फरक शून्य' लिहून तारखेसकट सही केली. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"चेक्ड बाय," म्हणाले. "इथे तुझी सही."