माघारीची वेळ

आमच्या कारध्याला वैनगंगेचे पाणी मोजतात. २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी. हा आकडा कोरड्या दिवसांत ठरलेला आहे, हे फार बरे. पाणी उंबऱ्याशी आल्यावर माणूस नदीशीही घासाघीस करू लागतो!

पर्वतावरही असाच आकडा लागतो. तिथे तो घड्याळाचा असतो. १९९६ च्या मे महिन्यात गोरान क्रॉप नावाचा स्वीडिश गडी एव्हरेस्टच्या माथ्याखाली जेमतेम शंभर मीटरवरून, उशीर झाला म्हणून परतला. स्वारी स्वीडनहून सायकलवर आली होती, हे लक्षात घ्या! त्यानंतर आठवडाभराने, दुपारचे दोन उलटल्यावरही चढत राहिलेले काहीजण वादळात सापडले. रॉब हॉलसारखा जाणता वाटाड्या त्यात गेला. क्रॉप त्याच महिन्यात पुन्हा चढला, आणि पोचला.

२०१९ साली माथ्याजवळ माणसांची रांग लागली. आपल्याकडचे निहाल बागवान आणि अंजली कुलकर्णी उतरताना गेले. खुर्चीत बसून त्यांना शहाणपण शिकवणे मला जमणार नाही. तिथे प्राणवायू इथल्या एकतृतीयांश. ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा, तोच गुंगलेला.

भाचा गिर्यारोहणाच्या शिबिराला निघाला, तेव्हा बहिणीने देवाला नारळ बोलला. मी विचारले, "परत किती वाजता फिरायचे, ठरलेय का?"

"ते आमचे सर सांगतील, मामा."

"ते सांगतील रे. तू ऐकशील?"

भाचा बुटाची नाडी बांधत राहिला.