पाव इंचाची माया

‘माया’ हा शब्द वेदान्त्यांनी वापरला, संतांनी वापरला, आणि घरोघरच्या शिवणाऱ्या बायकांनीही वापरला. शिवणीच्या आत जो जास्तीचा कापडाचा पट्टा सोडायचा असतो, ती शिवणकामातली माया. “पोलक्याला दोन्ही अंगांना इंच इंच माया ठेवा, वाढतं अंग आहे,” असे माझी आई शिंप्याला बजावून सांगत असे. वेदान्तातली माया दिसते, पण ती नसते. शिंप्याची माया असते, पण ती दिसत नाही. भाषेने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे नांदवले, याचा उलगडा व्युत्पत्तीचे अभ्यासक करतील. माझा या शब्दाशी संबंध अलीकडे आला तो अमेरिकी पद्धतीच्या गोधडीमुळे, म्हणजे क्विल्टमुळे.

माझी मावसबहीण ओहायोत राहते. तिथल्या बायकांकडून ती क्विल्ट शिवायला शिकली आणि एका उन्हाळ्याच्या सुटीत तिने ते मला शिकवले. आपल्या गोधडीत जुन्या साड्यांचे थर असतात, त्यांवर कापडाचे तुकडे ठेवून, कडा आत दुमडून, धावदोऱ्याने सारे एकत्र बांधायचे. तुकडा थोडा लहानमोठा झाला तरी बिघडत नाही, कारण त्याला पोटाशी धरणारे कापड खाली असते. क्विल्टचा वरचा पदर मात्र तुकड्याला तुकडा जोडून होतो. खाली आधार नाही. दोन तुकड्यांच्या कडा जिथे भेटतात तिथली शिवण हाच काय तो आधार, आणि त्या शिवणीत दोघांनी सोडायची माया ठरलेली असते: पाव इंच. सुताराच्या भाषेत दोन सूत. कमीही नाही, जास्तही नाही.

आईच्या तोंडची माया सैल होती, पुढच्या वर्षाची तरतूद होती. क्विल्टच्या मायेला असा सैलपणा परवडत नाही. नऊ चौकोनांचा साधा ब्लॉक घ्या. प्रत्येक चौकोन साडेतीन इंचांचा कापायचा, तीन-तीनच्या तीन ओळी जोडायच्या, की साडेनऊ इंचांचा ब्लॉक होतो. तो शेजारच्यांना जोडला गेला की नऊ इंचांचा उरतो. आता प्रत्येक शिवण इंचाचा सोळावा भाग जास्त आत गेली असे समजू. एका शिवणीला दोन्ही तुकडे मिळून इंचाचा आठवा भाग गेला. ओळीत दोन शिवणी, म्हणजे ब्लॉक पाव इंच आखूड. पुढच्या शिवणी बिनचूक घातल्या तरी आठ ब्लॉकांच्या ओळीत दोन इंच गेले. गंमत अशी, की सगळे ब्लॉक सारखेच आखूड असतील तर ते एकमेकांना गुण्यागोविंदाने जुळतात. शेजारी अखंड कापडाचा, एकही शिवण नसलेला साडेनऊ इंची चौकोन आला की सारे उघड होते. मोजमापातला फरक एकट्याने कळत नाही. तो शेजार लागल्यावर कळतो.

त्यातही एक खुबी आहे. नेमक्या पाव इंचावर शिवले तर तुकडा किंचित आखूडच भरतो, कारण शिवणीपाशी कापड वळते आणि त्या वळणात कापडाची आणि दोऱ्याची जाडी मुरते. म्हणून शिवायचे ते पाव इंचाला एखादा धागा कमी ठेवून. हा ‘धागा’ म्हणजे खरोखर कापडातला एक धागा. पारख करायची रीत सोपी आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली मोजायची. ती बरोबर एक इंच भरली तर हात बसला. दोन्ही बाजूंनी जिने दिले तीच मोजायची.

हाताने शिवणाऱ्या बायका कापडाच्या उलट बाजूला पेन्सिलीने शिवणीची रेघ आखत आणि त्या रेघेवरून जात. कापलेली कड थोडी वाकडी असली तरी चाले. मशीनवर रेघ नसते, कडेवर विसंबायचे. 1979 साली जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचे कटर बाजारात आणले आणि कडा सरळ कापणे सोपे झाले. सुईपासून पाव इंचावर मशीनला चिकटपट्टी लावायची आणि कापडाची कड तिला टेकवत न्यायची. सुईकडे पाहायचेच नाही. शिवून झाल्यावर माया एका बाजूला, शक्यतो गडद कापडाकडे वळवून इस्त्री दाबायची. नाहीतर फिक्या कापडातून तिची सावली दिसते. एका ओळीतली माया डावीकडे, तर खालच्या ओळीतली उजवीकडे. मग दोन शिवणी समोरासमोर आल्या की एकमेकींत बसतात, आणि चार कोपरे एका बिंदूत भेटतात.

इतका काटेकोरपणा नसलेली सुंदर क्विल्टही असते, हे इथे सांगायला हवे. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतातल्या कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. पुढची पट्टी आधीची पाहून कापायची, असा त्यांतल्या अनेकींचा रिवाज. 2002 साली त्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनच्या आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले. 2006 मध्ये त्यांवर टपाल तिकिटे निघाली. त्यांतल्या काही गोधड्यांत विटलेल्या डेनिमवर गडद निळे चौकोन दिसतात. ते ठिगळ नव्हे. तिथला खिसा उसवून काढलेला असतो, आणि त्याच्याखाली झाकलेल्या कापडाने आपला मूळ रंग राखलेला असतो.

शिवणीच्या आत पाहणारी वाचक साहित्यातही भेटते. इंग्रजीच्या अनेक विद्यार्थ्यांना सुझन ग्लास्पेलची ‘ट्रायफल्स’ ही 1916 ची एकांकिका ठाऊक असेल. खुनाचा पुरावा शोधणारे पुरुष वरच्या मजल्यावर फिरत राहतात, आणि खाली स्वयंपाकघरात दोन बायकांना अर्धवट क्विल्टचा एक ब्लॉक सापडतो. बाकीचे ब्लॉक नेटके, या एकाचीच शिलाई सैरावैरा. त्या शिवणाऱ्या बाईचे मन कुठे ढासळले, ते त्या दोघींना तिथे वाचता येते. त्यांतली एक ते टाके उसवून नीट घालू लागते. एकीचे दुःख झाकणे आणि पुरावा नाहीसा करणे, दोन्ही एकाच सुईने. ही एकांकिका वाचल्यापासून नीटनेटक्या शिवणीकडे मी निव्वळ कौशल्य म्हणून पाहू शकत नाही.

आता माझ्यापुढे आईच्या साड्या आहेत. ती जाऊन तीन वर्षे झाली. सुती साड्या, विरत आलेल्या, काही ठिकाणी हाताला लागताच फाटतील अशा. अशा कापडाला कापण्याआधी खळ द्यावी लागते, म्हणजे ते ताणले जात नाही आणि कड सरळ येते. ती स्वतः दर आठवड्याला साड्यांना खळ देत असे, तेव्हा हे शिकायला मला ओहायोची गरज नव्हती. प्रश्न तुकड्यांच्या मापाचा होता. एक इंची चौकोनांची नक्षी फार देखणी दिसते. पण एक इंचासाठी दीड इंच कापावे लागते, आणि अर्ध्याहून अधिक कापड मायेत जाते. तीन इंची चौकोनात ते प्रमाण जेमतेम चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त. साड्या पाच आहेत. सहावी आता मिळणार नाही.

आठवडाभर मी त्या कापल्या नाहीत. मग तिच्या एका पोलक्याची बाजू उसवून पाहिली. बाहेरचे कापड विटून राखाडी झाले होते. आतल्या इंचभर मायेत मात्र घेतले तेव्हाचा डाळिंबी रंग जसाच्या तसा होता. आत गेलेले वाया जाते, हा माझा हिशेब तिथे थांबला. तरीही चौकोन मी तीन इंचीच धरले आहेत. तिच्या साड्या मला डोळ्यांनी पाहायच्याही आहेत. पाव इंच तेवढा, एक धागा कमी करून, आत जाईल.