पोट आणि पोटी

पेणच्या बाजारपेठेतील एका जुन्या कापड दुकानात दुपारच्या निवांत वेळी नववीत शिकणारी नात गादीशेजारी बसून अभ्यास करीत असे. एके दिवशी तिची व्याकरणाची वही दादाजींच्या हाती आली. ‘भाड्यापोटी त्याने पैसे दिले’ या वाक्यातील ‘पोटी’ या शब्दाची जात तिने ‘नाम’ अशी लिहिली होती आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती.

“दादाजी, पोट हा अवयव आहे ना? मग ते नाम कसे नाही?”

दादाजींची घरची बोली मारवाडी. मराठी ते गल्ल्यावर बसून शिकले. तरी उत्तर त्यांना लगेच सुचले. “बेटा, ‘पोट दुखते’ यात पोट आहे. ‘भाड्यापोटी’ यात पोट कुठे आहे? पैसा कशाबद्दल दिला, एवढेच ते सांगते.” शाळेच्या परिभाषेत यालाच शब्दयोगी अव्यय म्हणतात.

शब्दांच्या आठ जातींचा सविस्तर विचार मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात केला आहे. ज्याला तो ग्रंथ पाहता येत नाही, त्याने बाजारात कान द्यावा. हात हे नाम. पण ‘हातभर कापड’ म्हटले की ते विशेषणात शिरते, ‘माल हातोहात खपला’ यात क्रियाविशेषण होते, ‘गड्याहाती गठ्ठा पाठवला’ यात शब्दयोगी अव्यय आणि ‘काच जपून हाताळा’ यात क्रियापद. साधुसाध्वी पायी विहार करतात, तेथे पायी हे क्रियाविशेषण. ‘हट्टापायी धंदा बुडाला’ यात तेच कारण दाखविते. पायी, हाती, पोटी, तोंडी या रूपांतील ‘ई’ हा सप्तमीचा जुना प्रत्यय. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात कारागीर मूर्तीचे डोळे आखतो. ते डोळे नाम. मूर्ती पारखून घेणारे गिऱ्हाईक मात्र डोळस, म्हणजे विशेषण. फसवे शब्दही असतातच. ‘नाकारणे’ या क्रियापदात नाक मुळीच नाही. ते नकाराचे भावंड आहे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा निव्वळ शाळेचा अभ्यास नव्हे. कर्जखात्यात भरलेली रक्कम मुदलापोटी की व्याजापोटी, यावर पुढचा सारा हिशेब अवलंबून असतो. आकडा तोच, अर्थ त्या शेवटच्या दोन अक्षरांत असतो.

हे नातीला समजावता समजावता दादाजी मध्येच थांबले. रोह्याला दुकान थाटणाऱ्या धाकट्या भावाला त्यांनी पूर्वी ४०,००० रुपये दिले होते. थोरला ते हातउसने समजत होता, धाकटा वडिलोपार्जित दुकानाच्या हिश्श्यापोटी. ठरले होते सारे तोंडी. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि म्हणूनच कोणी माघार घेत नव्हता. लग्नकार्यात दोघे भेटत, पण एका पंगतीला बसत नसत.

दादाजींनी कपाटातून ती जुनी वही काढली. नाव होते, तिथी होती, रक्कम होती. पुढची जागा कोरी होती. आजवर त्यांना खात्री होती की तेथे ‘हातउसने’ लिहिलेले आहे.

नात वहीकडे डोकावली. “दादाजी, इथे शब्दच नाही.”

बराच वेळ ते त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले. मग त्यांनी रोह्याला फोन लावला. “रविवारी ये. त्या रकमेपुढे काय लिहायचे ते दोघे मिळून ठरवू. तू म्हणशील तेही मी ऐकेन. पण आता तोंडी नको.”

पलीकडून क्षणभर काहीच आले नाही. मग धाकट्याने विचारले, “जेवायला थांबू ना, भाईसाहेब?”