मोत्यांचे बहरीन

संगमनेरच्या वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांना आखाती देशाची ओळख करून द्यावयाची, तर आरंभ तेलापासून नव्हे, रुपयापासून करावा. बहरीनमध्ये भारताचाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६५ मध्ये दहा रुपयांस एक या दराने बहरीनचा स्वतःचा दिनार आला.

त्या रुपयामागे मोती होते. उन्हाळ्यात मुहर्रकची गलबते समुद्रात जात. पाणबुडे श्वास रोखून शिंपले वर आणीत आणि मोती मुंबईच्या बाजारात पोहोचत. पाणबुडा मात्र उचलीच्या कर्जात अडकलेला असे. पुढे जपानचे संवर्धित मोती आले, जगभर मंदी पसरली आणि हा धंदा कोसळला. १९३२ मध्ये तेल सापडले, म्हणून देश सावरला.

तेलही संपणारे, हे ओळखून या चिमुकल्या देशाने ॲल्युमिनियम व बँकिंगची कास धरली. मनामाच्या जुन्या बाजारात सिंधी व्यापाऱ्यांनी उभारलेले श्रीनाथजींचे मंदिर दोनशे वर्षे नांदते आहे. तेथे पाहुण्यापुढे आधी कहवा आणि खजूर येतात, व्यवहाराची बोलणी मागाहून.

तेल्या रोगापायी डाळिंबाच्या बागा उपटण्याचे दुःख सोसलेल्या संगमनेर परिसराला हा धडा परका नाही. विद्यार्थ्याने वही मिटण्यापूर्वी एवढेच लिहून पाहावे : आपल्या घरच्या पेढीचा मुख्य माल उद्या विकेनासा झाला, तर दुसरा आधार कोणता?