टाळू भरल्यावर

बाळाच्या डोक्याला तेल लावताना टाळूपाशी आजीचा हात हलका होतो. तिथं हाड नसतं. खालची धडधड बोटांना कळते. दीड वर्षाच्या सुमारास टाळू भरते. तोवर तिथं सोनोग्राफीचा प्रोब टेकवला की मेंदूतलं पाणी, रक्तस्राव, सगळं दिसतं. पुढे मात्र हाड ध्वनिलहरी शोषून घेतं, विस्कटून टाकतं. मोठ्या माणसाचा मेंदू सोनोग्राफीनं नीट बघायचा तर आम्हा न्यूरोसर्जनना कवटीत खिडकी पाडावी लागते.

संभाजीनगरात माझ्याकडे पैठण, सिल्लोड, कन्नड, वैजापूरकडून पेशंट येतात, हातात एमआरआयची पिशवी घेऊन. कवटी उघडली, पाणी वाहून गेलं, थोडी गाठ काढली की मेंदू जागचा सरकतो आणि फिल्मवरचा नकाशा शिळा होतो. प्रोब दाखवतो तो आत्ताचा मेंदू. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. अलीअसगर मोईयादी यांनी ऑपरेशनमधल्या थ्रीडी सोनोग्राफीवर बरंच लिहिलं आहे; ते मी पुन्हापुन्हा वाचतो.

वाचून हात बसत नाही, हेही खरं. पाणी काळं दिसतं, मेंदूच्या दोन अर्धांमधला पडदा पांढऱ्या रेघेसारखा, ग्लायोमाची गाठ बहुधा उजळ. भोवतालची सूजही उजळच. गाठ काढलेल्या पोकळीत कोमट सलाईन भरायचं. बुडबुडा राहिला तर त्यामागचं काही दिसत नाही. आणि सलाईन भरलं की पोकळीचा तळ खोटाच झळाळतो, कारण पाण्यात ध्वनी फारसा खर्ची पडत नाही. उमेदवारीच्या काळात ती झळाळी मी उरलेली गाठ समजलो आणि आणखी खरवडलं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात तो तुकडा नुसता सुजलेला मेंदू निघाला. पेशंटचा डावा हात कित्येक आठवडे लुळा होता. पुढे त्यात ताकद आली, पण तो हात माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही. आजही तळ उजळ दिसला की मी प्रोबचा कोन बदलतो, पाणी काढतो, पुन्हा भरतो, पुन्हा बघतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातलं २०१० च्या सुमाराचं काम मला इतकं जवळचं वाटलं. तिथल्या अभियंत्यांनी एक कॅथेटर केला. त्याच्या टोकानं आधी थ्रीडी चित्र घ्यायचं आणि त्याच टोकातल्या ध्वनीनं गाठ तापवायची. शरीराच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश वाढले तरी रक्तातून सोडलेल्या मेदाच्या सूक्ष्म कुप्या तिथंच फुटून औषध बाहेर पडावं, हा त्यामागचा विचार. बाहेरून ध्वनी एकवटणारी यंत्रं आहेत. हाताच्या कंपासाठी त्यांतल्या एकाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यताही मिळाली. पण ती मेंदूच्या मध्याशी जितकी चालतात तितकी कवटीलगत चालत नाहीत. कॅथेटरला हाडाचा अडसरच नाही, तो आतच असतो.

मला धास्ती आहे ती उष्णतेची. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर ती ऊब वाहून नेते आणि गाठीची तेवढी कड थंड राहते. सोनोग्राफीत आकार दिसतो, तापमान एमआरआयइतकं भरवशानं दिसत नाही. ते दिसेपर्यंत वाचेच्या केंद्राजवळ मी असा कॅथेटर तापवणार नाही.

आमच्या सोनोग्राफी यंत्राचीही गर्भलिंगनिदान कायद्याखाली नोंदणी लागते. महाराष्ट्रानं १९८८ साली असा कायदा केला, देशानं १९९४ मध्ये. त्या कागदपत्रांचा मला कंटाळा नाही. याच ध्वनीच्या आधारानं मराठवाड्यात मुली पोटातच मारल्या गेल्या आहेत.

माझ्या टेबलावर तो कॅथेटर आलेला नाही. प्रोब आहे, त्याचं निर्जंतुक कव्हर आहे, सिस्टरनं कोमट करून ठेवलेलं सलाईन आहे. पोकळी भरली की बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबावं लागतं. मी थांबतो.