अम्मी, वाइनरी आणि अकबराचा दरबार

नववीच्या वर्गात गझल शिकवत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, शराब हराम आहे ना? मग हे सगळे शायर तिचंच का बोलतात?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बीएडच्या दिवसांपासून तयार आहे. शराब म्हणजे इश्क, साकी म्हणजे मुर्शिद, मयखाना म्हणजे खानकाह. वर पुरावा म्हणून रियाज खैराबादी (1853-1934). आयुष्यभर शराबवर लिहिलं, लोकांनी त्यांना 'इमाम-ए-खमरियात' म्हटलं आणि सांगतात की त्यांनी थेंबही चाखला नाही. मुलगी खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. वीस वर्षं मी या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहीत आले, पण ही चीज बनते कशी ते मला ठाऊक नव्हतं.

त्याच महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी 2019 मध्ये, आमची सहल ठरली. उल्हासनगरच्या नणदेकडून अर्टिगा घेतली. आम्ही दोघं, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. अंबरनाथहून बदलापूर, नेरळ, कर्जत. तिथून चौकजवळचा एन. डी. स्टुडिओ पाहायचा, रात्री पुण्यात कोंढव्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी नाशिक आणि तिसऱ्या दिवशी कसारा घाटाने घरी. नाशिकमध्ये सुला वाइनरी बघू या, हा हट्ट मुलाचा. केमिस्ट्रीत किण्वन आहे म्हणे. मी 'अम्मींना विचार' म्हणून हात झटकले. मला खात्री होती की त्या नाही म्हणतील.

अम्मी म्हणाल्या, "चलो, देखेंगे."

स्टुडिओत 'जोधा अकबर'चा सेट होता. 2008 साली आलेल्या त्या सिनेमासाठी कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी आग्र्याचा किल्ला इथे, रायगड जिल्ह्यातल्या माळरानावर उभा केला होता. लांबून छाती दडपते. जवळ जाऊन मुलाने खांबावर टिचकी मारली तर आत सगळं पोकळ. लाल दगड म्हणजे प्लास्टर आणि रंग. मागच्या बाजूला गेलात तर बांबू आणि प्लायवूड. अम्मी मात्र दिवाण-ए-आममध्ये पदर सावरून अदबीने चालत होत्या. मी म्हटलं, "अम्मी, हे नकली आहे." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. असली आग्रा कोण दाखवणार होतं मला?"

तिथे एक छोटी गोष्ट घडली. मुलगा सिंहासनापाशी फोटोसाठी घुटमळत होता. दुसऱ्या एका ग्रुपमधल्या पोराने त्याला आमच्या लोकांच्या हाका मारताना ऐकलं असावं. तो हसत म्हणाला, "बस ना भाऊ, तुमचंच आहे." बोलण्यात विष नव्हतं, मस्करीच होती. मुलगाही हसला, पण बसला नाही. याच स्टुडिओतून 'राजा शिवछत्रपती' ही मालिकाही आली, चौथीत असताना त्याने शाळेच्या गॅदरिंगमध्ये मावळ्याचा फेटा बांधला होता, आणि तो फोटो अजून आमच्या फ्रिजवर आहे. हे त्या पोराला सांगावं असं मला फार वाटलं. पण मस्करीला कोण पुरावे देत बसतं? गाडीत त्याने कानात इअरफोन घातले ते खंडाळ्यापर्यंत.

(त्या जागेची आठवण आता वेगळीच येते. 2 ऑगस्ट 2023 रोजी कर्जाच्या ओझ्याखाली नितीन देसाईंनी त्याच स्टुडिओत आयुष्य संपवलं.)

दुसऱ्या दिवशी नारायणगाव लागलं. 1980च्या दशकात इथल्या द्राक्षांपासून इंडेज कंपनीने फसफसणारी वाइन बनवली आणि परदेशात ती 'ओमर खय्याम' नावाने विकली. मी हे गाडीत सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बिचारा खय्याम! गणिती होता, खगोलशास्त्रज्ञ होता, नाव उरलं बाटलीवर." त्यावरून संगमनेरपर्यंत आमची चर्चा, म्हणजे भांडण, चाललं.

सुला गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. हंगाम ऐन तोडणीचा. वेलींवरची द्राक्षं पाहून मुलगी हिरमुसली, कारण ती आपल्या खायच्या द्राक्षांसारखी नव्हती. लहान, जाड सालीची, बियांची. गाइड मुलगी चुणचुणीत होती. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी. रसातली साखर यीस्ट खातं, तिची दारू होते आणि वायू निघून जातो. रेड वाइनचा रंग रसाचा नसतो, सालीचा असतो. साल रसात ठेवली की रंग उतरतो. हे ऐकून माझ्यातली मास्तरीण खूश झाली. इतक्या वर्षांत शायरांनी मला हे सांगितलं नव्हतं.

आत स्टीलच्या उंच टाक्या होत्या आणि गारवा. आंबटगोड, थोडा पिठाच्या खमीरासारखा वास. मी दुपट्टा नाकाला लावला. अम्मींनी मात्र दीर्घ श्वास घेतला.

"ही ती बू नाही," त्या म्हणाल्या.

मग गाइडला विचारलं, "बेटा, कितने दिन लगते हैं?" पांढरीला काही आठवडे, रेड मात्र ओकच्या पिंपात वर्षभरसुद्धा राहते, असं ती म्हणाली. अम्मी मान हलवत ऐकत होत्या. नंतर मराठीतच म्हणाल्या, "आमच्याकडे टायरच्या ट्यूबमधून यायची. काळा गूळ, नवसागर. तुझे दादा पगाराच्या दिवशी कॅम्पातल्या भट्टीवर बसायचे. मी बाहेर उभी असायची, हा कडेवर." हा म्हणजे माझा नवरा.

आमच्या घरात अब्बांचं पिणं हा विषय नव्हताच. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला 'लिव्हर खराब होतं' एवढंच सांगितलेलं. मुलांना तेही नाही. नवरा पिंपांच्या रांगेकडे पाहत राहिला. गाइडला काय समजलं कोण जाणे, तिने अम्मींना खुर्ची आणून दिली. टेस्टिंगचे ग्लास आले तेव्हा नवऱ्याने "आम्ही घेत नाही" म्हटलं. तिने पाणी आणलं. एवढ्या साध्या गोष्टीची मी रात्रभर धास्ती घेतली होती.

परतीला कसारा घाटाखाली चहाला थांबलो. मुलगा अम्मींना चिकटून बसला होता. इअरफोन खिशात. अम्मींनी मला विचारलं, "तुझ्या त्या शायरांच्या बायकांनी काही लिहून ठेवलंय का?"

मला आठवल्या त्या फक्त उमराव बेगम, गालिबच्या पत्नी. नमाज-रोज्याच्या पक्क्या. गालिब पितात म्हणून त्यांनी आपली भांडी वेगळी ठेवली होती, असं सांगतात. मी तेवढं सांगितलं.

"भांडी वेगळी ठेवायला घरात दोन-दोन भांडी लागतात," अम्मी म्हणाल्या आणि बशीतला चहा संपवला.

घरी आल्यावर त्यांनी नातवाकडून एक फोटो आपल्या मोबाइलवर घेतला. ओकच्या पिंपांसमोर, कमानीखाली, खुर्चीत ताठ बसलेल्या अम्मी. आम्ही नको नको म्हणत असताना तो 'खानदान' ग्रुपवर टाकलासुद्धा. दोन तास ग्रुपवर शांतता. मग कौशाहून मोठ्या दिरांचा मेसेज आला, "माशाअल्लाह! हा अकबराचा किल्ला का?"

अम्मींनी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.