पिवळं कार्ड

मोंबासाला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात आधी बॅगा निघाल्या, मग पासपोर्ट, आणि सर्वांत शेवटी लसीची आठवण झाली. तीही दुसऱ्याने करून दिली.

अम्मींची धाकटी बहीण, आमची खाला, लग्न होऊन केनियात गेली त्याला ४० वर्षं होत आली. दोघी बहिणींची शेवटची भेट २२ वर्षांपूर्वीची. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत अम्मींना घेऊन खालाकडे जायचं आणि परतताना जेद्दाहला उतरून उमराह करायचा, असा आमचा बेत होता. तिकिटाची चौकशी करायला गेलो, तर ट्रॅव्हल एजंटने विचारलं, "सगळ्यांची यलो फीवरची पिवळी कार्डं आहेत ना?"

आम्हाला वाटलं, ही केनियाची अट असेल. पण भारतातून थेट येणाऱ्यांकडे केनिया ही लस मागत नाही. मागतो तो आपलाच देश, परत येताना. पीतज्वर हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत आढळणारा, डासांमुळे पसरणारा आजार. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डास हा आजारही पसरवू शकतो. डास गल्लोगल्ली आहे, पण पीतज्वर अजून भारतात नाही. तो येऊ नये म्हणून नियम कडक आहे. केनियासारख्या देशातून कार्डाशिवाय आलेल्या प्रवाशाला ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. सौदी अरबस्तानही तिथून येणाऱ्यांकडे हेच कार्ड मागतो. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि कार्ड लागू होतं ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी.

केंद्रावर आम्ही दोघांनी आणि मुलांनी लस घेतली. अम्मींची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. अम्मींचं वय ६८. ही जिवंत विषाणू कमजोर करून बनवलेली लस. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता कमी असली तरी तरुणांपेक्षा जास्त असते. "जाणं टाळता येत असेल तर यांना लस न दिलेली बरी," डॉक्टर म्हणाले. "सूटपत्र देता येईल, पण ते सगळीकडे मानलं जाईलच असं नाही."

घरी आलो. संध्याकाळी ओळखीतल्या एकाचा फोन आला. "आजींना सुई कशाला टोचता? शिक्क्यासकट कार्ड मिळवून देतो. कोण बघतंय?" खरं सांगायचं तर त्या रात्री आम्ही त्याला 'नाही' म्हणालो नाही. 'कळवतो' म्हणालो. २२ वर्षांची ताटातूट डोळ्यांसमोर होती आणि कार्ड म्हणजे शेवटी एक कागद, असं आम्ही एकमेकांना समजावत होतो.

अम्मींनी ते ऐकलं होतं. फजरच्या नमाजनंतर जानमाजवर बसूनच त्या म्हणाल्या, "हरममध्ये जाऊन मी दुआ मागणार, आणि पिशवीत खोटा कागद? मला नको असलं कार्ड. बहिणीची भेट नशिबात असेल तर होईल."

आम्हाला मान वर करून बघवेना.

कुणी म्हणालं, तकदीर आहे तर मग कार्ड तरी कशाला? तेव्हा अब्बा मरहूम नेहमी सांगायचे तो प्रसंग आठवला. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे साथ पसरल्याची खबर आली आणि सल्लामसलत करून ते मागे फिरले. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असलेल्यानं पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण. दुसऱ्यांचा जीव आपल्या हातात अमानत असतो. खोटं कार्ड ही त्या अमानतीतली खयानत आहे.

आम्ही मोंबासा रद्द केलं आणि मुंबईहून थेट जेद्दाहची तिकिटं काढली. उमराहसाठी मेनिंजायटिसची लस लागते. २००० आणि २००१ च्या हजच्या वेळी या आजाराची साथ हाजींबरोबर अनेक देशांत गेली, तेव्हापासून ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चारही प्रकारांवरची लस मागतात. पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी ती घ्यायची. ही लस अम्मींना द्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती.

खालाला फोन करून सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे आहे की ते कार्ड. १९९८ चं." त्यावर १० वर्षांची मुदत लिहिलेली होती, पण ११ जुलै २०१६ पासून ही कार्डं आयुष्यभर चालतात, जुनीसुद्धा. तिने मेनिंजायटिसची लस घेतली आणि मुलाला घेऊन निघाली.

मक्केत इशानंतर दोघी बहिणी हरमच्या अंगणात भेटल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अम्मींनी विचारलं, "जेवलीस का गं?"

आमची चार पिवळी कार्डं कपाटात आहेत. इन्शाअल्लाह, मोंबासाला कधीतरी जाऊ. तुमच्या घरात परदेशी जायचा विचार असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना भेटा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या.